कोवलमच्या पॉइंटसाठी जुना सर्फबोर्ड दुरुस्त करताना: बडोद्यातील नोंदी

९ मार्च २०२५

बोर्ड काल रात्री मुंबईहून टेम्पोने दांडिया बाजारातल्या घरी पोहोचला. लांबी ७ फूट २ इंच, रुंदी साडेएकवीस इंच, जाडी पावणेतीन इंच, किंमत ९,५०० रुपये. विकणाऱ्याने दोन दोष आधीच सांगितले होते: डाव्या कडेला वीतभर लांबीची चीर, आणि शेपटीजवळ लीशची, म्हणजे बोर्ड पायाला बांधून ठेवणारी, दोरी अडकवण्याची वाटी सैल. तिसरा दोष घरी आणल्यावर कळला. चिरेवर अंगठा दाबला की आतून खारे पाणी येत होते. वजनकाट्यावर बोर्ड ५ किलो ६०० ग्रॅम भरला. या मापाचा कोरडा बोर्ड साडेचार किलोच्या आसपास असायला हवा, म्हणजे किलोभर पाणी मी विकत घेतले होते.

या नोंदी ठेवण्याचे कारण असे की समुद्रापासून दूर राहणाऱ्या, दोन-चार सुट्ट्यांत सर्फिंग शिकलेल्या आणि आता स्वतःचा बोर्ड हवा असलेल्या माणसाला मराठीत लिहिलेले फारसे काही सापडत नाही. बडोद्याला सर्वांत जवळचा समुद्र खंबातच्या आखाताचा. कावी-कंबोईला स्तंभेश्वराचे देऊळ भरतीत बुडते आणि ओहोटीत उघडे पडते, ते पाहायला आम्ही लहानपणापासून जातो. पण तिथे गाळ आहे, पाण्याला ओढ आहे आणि सर्फिंगला उपयोगी पडेल अशी लाट नाही. मी कर्नाटकात मुल्कीला आणि तमिळनाडूत चेन्नईच्या दक्षिणेला असलेल्या कोवलमला शिकलो. न फुटलेली लाट पकडता येते, उजवीकडे वळता येते, डावीकडे अजून जमत नाही.

कोवलमचा पॉइंट निवडण्याचे कारणही तेच. सरळ वाळूच्या किनाऱ्यावर लाट कुठेही फुटते आणि फेसातून बाहेर जाण्यातच माझी निम्मी ताकद संपते. पॉइंटवर लाट खडकाळ टोकाला वळसा घालून येते, रोज साधारण त्याच जागी फुटायला लागते आणि एकाच दिशेने, कोवलमला उजवीकडे, उलगडत जाते. तिच्या बाजूच्या खोल पाण्यातून पुन्हा जागेवर परतता येते. वर्षातून सहा-सात दिवसच समुद्र मिळणाऱ्याला याचे मोल फार आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जायचे ठरवले आहे. तोवर बोर्ड तयार व्हायला हवा.

११ मार्च ते ४ एप्रिल

चिरेभोवतीची सुटलेली काच, म्हणजे काचतंतूंचे कवच, ब्लेडने कापली, तोंड मोकळे केले आणि ते खाली येईल अशा बेताने बोर्ड जिन्याखालच्या सावलीत दोन गाद्यांवर टेकवला. गच्चीवर उन्हात ठेवावा असे घरात सर्वांचे मत होते, पण बंद बोर्ड तापला की आतली हवा फुगते आणि वरचे काचेचे कवच फोमपासून सुटते. त्यामुळे वेळ लागला तरी सावलीच ठरवली.

रोज रात्री वजन लिहून ठेवले. पहिल्या आठवड्यात ७०० ग्रॅम उतरले, दुसऱ्यात ३००, तिसऱ्यात २००. ४,४०० ग्रॅमवर काटा सलग चार दिवस थांबला तेव्हा बोर्ड कोरडा झाला असे धरले. हाताला कोरडे लागते एवढ्यावर विसंबून कोणी दुरुस्ती सुरू करू नये, काट्यावरच विश्वास ठेवावा.

६ एप्रिल

आज रामनवमीची सुट्टी होती आणि आजच सर्वांत मोठी चूक झाली.

मी मकरपुऱ्यातल्या एका फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो. पॉलिएस्टर रेझिन, ते घट्ट करण्यासाठी लागणारे कोबाल्ट आणि हार्डनर, काचतंतूंची मॅट हे माझ्या रोजच्या हाताखालचे सामान आहे, आणि त्यामुळेच मी विचार न करता तेच उचलले. फोम जुना, पिवळसर दिसत होता. जुने पॉलियुरेथेनचे बोर्ड असेच पिवळे पडतात हे वाचले होते, म्हणून हाही तसाच असावा असे गृहीत धरले. चिरेत रेझिन ओतले, वर मॅटचा तुकडा बसवला आणि चहा प्यायला आत गेलो.

दहा मिनिटांनी बाहेर आलो तेव्हा मॅट आत खचली होती आणि जागा हाताला चटका बसेल इतकी तापली होती. खालचा फोम साखरेसारखा विरघळत होता. बोर्डाचा गाभा पॉलियुरेथेनचा नसून थर्मोकोलच्या जातीचा, म्हणजे ईपीएसचा होता. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असते आणि ते ईपीएसला खाऊन टाकते. पिवळेपणा वरच्या काचेतल्या जुन्या इपॉक्सीचा, म्हणजे स्टायरीन नसलेल्या दुसऱ्या जातीच्या रेझिनचा होता, गाभ्याचा नव्हे. रेझिन खरवडून काढेपर्यंत वीतभर चिरेच्या जागी माझी मूठ जाईल एवढा खड्डा झाला होता.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या सर्वांत जुन्या काकांना फोटो दाखवला. त्यांनी एवढेच विचारले, "पहेलां टुकडो नाखीने जोयुं नहोतुं?" नखाएवढा फोम बाटलीच्या झाकणात घेऊन त्यावर रेझिनचा एक थेंब टाकायचा, मिनिटभरात तो वितळला तर ईपीएस, तसाच राहिला तर पॉलियुरेथेन. मिनिटाभराची ही तपासणी न केल्यामुळे माझे पुढचे पाच आठवडे गेले. ईपीएसला फक्त इपॉक्सी चालते. पॉलियुरेथेनच्या बोर्डाला दोन्ही चालतात, त्यामुळे शंका असेल तिथे इपॉक्सीच घ्यावी.

आमच्या धंद्यातली एक सूचना घरी काम करणाऱ्यांसाठी इथेच लिहून ठेवतो. पॉलिएस्टर वापरायची वेळ आलीच तर कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत, त्यांचा स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळून घ्यावे आणि हार्डनर त्यानंतर, वेगळ्या मापाने टाकावा.

२० एप्रिल

खड्डा वेडावाकडा होता. तो तसाच भरण्यापेक्षा चौकोनी कापून त्यात नवा तुकडा बसवणे सोपे, असा सल्ला काकांनी दिला आणि तो योग्य ठरला. टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल बोटाने दाबला जातो, तो इथे चालत नाही. शीतगृहाच्या भिंतीत घालतात तो घट्ट थर्मोकोल मकरपुऱ्यातच एका भंगारवाल्याकडे ८० रुपयांना मिळाला. हॅकसॉच्या पात्याने १८ सेंटीमीटर लांब, ९ रुंद, ६ खोल असा खाचा कापला, तुकडा अर्धा मिलिमीटर सैल ठेवला आणि इपॉक्सीने चिकटवला. दोरीने आवळताना कडेची काच चेपू नये म्हणून खाली जुनी सतरंजी घातली.

दुसऱ्या दिवशी सँडपेपरने तुकडा कडेच्या गोलाईला आणला. या कामाला तीन तास लागले. गोलाई डोळ्यांना बरोबर दिसते, पण चुकलेली असते; बोर्डाच्या उजव्या निरोगी कडेवर पुठ्ठा धरून साचा काढला आणि तो डाव्या कडेला लावून पाहिला, तेव्हा कुठे फुगवटा सापडला.

२७ एप्रिल

काचेचे कापड बसवण्याचे काम आज केले आणि वाया घालवले.

कारखान्यातली मॅट जाड असते, रेझिन भरपूर पिते आणि वजन वाढवते. बोर्डाला चार औंसाचे साधे विणलेले कापड लागते. ते तीन मीटर मागवले, ५७० रुपये. इपॉक्सीचा दीड किलोचा जोड १,४०० रुपयांना पडला. प्रमाण डब्यावर वजनात दिलेले होते, म्हणून स्वयंपाकघरातला काटा वापरला. इथपर्यंत सगळे बरोबर होते.

चूक वेळेची झाली. मी सकाळी नऊला गच्चीच्या शेडमध्ये कापड बसवले. बडोद्यात एप्रिलअखेर सकाळी नऊपासून दुपारपर्यंत पारा सतत चढत असतो, आणि ईपीएसच्या दाण्यांमधली हवा तापून फुगते व ओल्या इपॉक्सीतून वर येते. अकरा वाजता पाहिले तर सबंध कापडभर टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे होते. प्रत्येक बुडबुडा वाळल्यावर भोक होतो आणि प्रत्येक भोकातून पाणी आत जाते. वरून रेझिन फासून ती झाकता येतील का, असा मोह झाला. नीट पाहिल्यावर कापडच जागोजागी फोमपासून उचललेले दिसले, म्हणून सगळे घासून काढले. कापड, रेझिन आणि रविवार गेला.

१ मे

सुट्टी होती. बोर्ड दिवसभर शेडमध्ये तापू दिला आणि संध्याकाळी सातला, हवा उतरायला लागल्यावर, काम सुरू केले. थंड होणारा फोम हवा बाहेर सोडण्याऐवजी आत ओढतो, त्याबरोबर थोडे रेझिनही दाण्यांत ओढले जाते आणि पकड उलट चांगली बसते. आधी इपॉक्सीत बारीक पोकळ काचेची पूड कालवून पातळ लेप दिला आणि फोमची सगळी छिद्रे बुजवली. त्यावर कापडाचे दोन थर, खालचा लहान, वरचा सगळीकडून तीन सेंटीमीटर मोठा. रात्री दहापर्यंत एकही बुडबुडा आला नाही.

लीशची वाटीही याच दिवशी नव्याने बसवली. जुनी उपसली, भोक दोन मिलिमीटर मोठे केले, त्यात कापडाचे कातरलेले तंतू घातलेली इपॉक्सी भरली आणि वाटी बोर्डाच्या पृष्ठभागाशी सपाट दाबून बसवली. नवी वाटी ३५० रुपये.

११ मे

सँडपेपर ८०, १२०, मग २२० नंबरचा. नाकातोंडाला धूळगाळणीचा मास्क लावला; काचेची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नये आणि घासताना उघडे हात ठेवू नयेत. शेवटी इपॉक्सीचा एक हात. वजन ४ किलो ७०० ग्रॅम. दुरुस्तीने ३०० ग्रॅम वाढले, त्यातले निदान शंभर माझ्या ६ एप्रिलच्या खड्ड्याचे.

आतापर्यंतचा खर्च, वाया गेलेले धरून, ३,१०० रुपये.

मे महिना

बोर्ड वाळत असताना शरीराचे काम चालू ठेवले. लालबागच्या जलतरण तलावावर सकाळी एक तास पोहणे, त्यातले निम्मे फक्त हातांनी, पायांत तरंगणारा ठोकळा धरून. पालथे पडून वल्हवताना खांदे आणि मानेखालचे स्नायू थकतात आणि तलावात पाय मारत पोहल्याने त्यांना पुरेसा सराव होत नाही, हे मी मागच्या वर्षी कोवलमला अनुभवले होते.

बोर्डवर झटक्यात उभे राहण्याचा सराव घरी फरशीवर केला. माझी जुनी खोड अशी की उठताना मागचा गुडघा आधी टेकतो. दांडिया बाजारात वाढलेल्या पुष्कळ मुलांप्रमाणे मीही लहानपणी जुम्मादादा व्यायाममंदिरात जायचो. तिथल्या दंडाची आठवण धरून, छाती वर आली की दोन्ही पाय एकदम हातांमध्ये आणायचे, अशी रोज चाळीस आवर्तने केली. तीन आठवड्यांनी गुडघा टेकणे थांबले.

१४ जून

रेल्वेच्या डब्यात एवढी मोठी वस्तू चालत नाही. बोर्ड पार्सल कार्यालयातून सामान म्हणून नोंदवून ब्रेकव्हॅनने, म्हणजे सामानाच्या डब्यातून, न्यावा लागतो. फिना, म्हणजे बोर्डाखालचे पंख, काढल्या, कडांना पाइपावर चढवतात ती फोमची नळी उभी चिरून बसवली, वर आईने शिवलेल्या दोन जुन्या गोधड्या आणि त्यावर ताडपत्रीची शिवलेली पिशवी. टोकाला पुठ्ठ्याचे तीन थर दिले. शेपटीला एकच दिला.

१९ जून, कोवलम

नवजीवन एक्स्प्रेसने सुमारे दीड दिवसाचा प्रवास करून चेन्नईला पोहोचलो. तिथून मोटारीच्या टपावर बोर्ड बांधून कोवलमला आलो आणि पिशवी उघडली. शेपटीचा कोपरा नखाएवढा चेपला होता, तोच जिथे मी एक थर दिला होता. बरोबर आणलेली थोडी इपॉक्सी संध्याकाळी लावली. पहिली सकाळ अशा रीतीने हातची गेली नाही, पण दुरुस्तीचे थोडे सामान जवळ असावेच.

२० जून

पहाटे साडेपाचला पाण्यात. या दिवसांत या किनाऱ्यावर सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाटेचे तोंड स्वच्छ ठेवतो. दहा-अकराच्या सुमारास तो फिरतो आणि पाणी खवळते. म्हणून जे करायचे ते पहाटेच. लाटा कमरेपासून छातीपर्यंतच्या, दक्षिणेकडून येणाऱ्या, दोन लाटांमध्ये बारा-तेरा सेकंदांचे अंतर. निघण्याआधी हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज पाहिला होता. नुसती उंची बघून उपयोग नाही, हे अंतर पाहावे. ते लांब असेल तेव्हा लाट टोकाला नीट वळसा घालते, आखूड असेल तेव्हा पॉइंटवरही सगळे विस्कळीत फुटते.

खडकांच्या भीतीने मी फार बाहेरच्या बाजूला बसलो. लाटा बोर्डाखालून निघून जात होत्या, कारण तिथे त्या अजून उभ्याच राहत नव्हत्या. दोन तासांत तीन लाटा. बोर्ड मात्र सरळ चालला आणि डावी कड पाण्यात नीट धरते हे कळले.

२१ जून

शनिवार, त्यामुळे चेन्नईहून पुष्कळ लोक आले होते. काल लाटांसाठी उपाशी राहिल्याच्या घाईत मी आज फुटण्याच्या जागेच्या अगदी जवळ जाऊन बसलो आणि पहिल्याच चांगल्या लाटेवर, डावीकडे न पाहता, उठलो. माझ्या आतल्या बाजूला, लाट जिथे फुटायला लागते तिथे, गावातला एक तरुण आधीच उभा होता. तो नियमाने त्याचा हक्क होता. मला चुकवण्यासाठी त्याला लाट सोडावी लागली. उजवीकडे फुटणाऱ्या लाटेवर उठण्याआधी डाव्या खांद्यावरून बघायचेच असते. ते मला माहीत होते आणि तरी मी केले नाही. वल्हवत त्याच्याकडे गेलो आणि माफी मागितली. तो म्हणाला, "अण्णा, पहिले देखो, फिर उठो." नंतरचा तासभर मी बाजूला बसून नुसते पाहिले.

कोवलमच्या कोळ्यांची मुलेच इथे मोठी होऊन सर्फिंग शिकवतात. त्यांपैकी मूर्ती मेगवन यांचे नाव तर सगळीकडे माहीत आहे. आपण इथे पाहुणे आहोत, ही गोष्ट गर्दीच्या दिवशी विशेष लक्षात ठेवावी लागते.

२२ जून

रविवारी गर्दी कालच्यापेक्षा जास्त, म्हणून पॉइंट सोडून बाजूच्या किनाऱ्यावर फेसात पाय जमवण्याचा सराव. लिहिण्यासारखे फार नाही.

२३ जून

सोमवार. पाण्यात मी धरून चौघे.

आज पाण्यात शिरण्याआधी वीस मिनिटे वाळूवर उभा राहिलो. कोळी जाळ्याची जागा लक्षात ठेवण्यासाठी किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरतात, तसे करून पाहिले. मोठ्या लाटांचा गट आला की पहिला फेस कुठे दिसतो ते पाहिले, पाण्यात गेल्यावर तिथून मागे वळून एक उंच माड आणि त्यामागच्या इमारतीचा कोपरा एका ओळीत आणला, आणि आडव्या बाजूसाठी एक ओढून ठेवलेली होडी धरली. दर दोन मिनिटांनी खुणा तपासल्या. पाणी न कळत सरकवते. पहिल्या दिवशी मी तीन लाटांसाठी दोन तास वाहत गेलो होतो, हे आज समजले.

सहा वाजून दहा मिनिटांनी गट आला. पहिली लाट जाऊ दिली, कारण तिच्यावर दुसऱ्याचा हक्क होता. दुसरी माझ्यासाठी होती. चार हात वल्हवले, डावीकडे पाहिले, कोणी नव्हते, आणखी दोन हात, आणि शेपटी उचलली गेली. गुडघा टेकला नाही. उजवी कड दाबली तेव्हा लाटेचे तोंड समोर उलगडत गेले आणि मी तिच्याबरोबर इतका वेळ राहिलो की शेवटी पाय थरथरायला लागले. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या एकाने मोजले, तेरा सेकंद. माझी आजवरची सर्वांत लांब लाट. उतरल्यावर बाजूच्या खोल पाण्यातून एकही फेस डोक्यावर न घेता जागेवर परतलो. याचसाठी पॉइंट निवडला होता.

साडेआठपर्यंत नऊ लाटा. दोनदा पुढे पडलो, दोन्ही वेळा उठताना नजर पायांकडे होती. नजर जिथे जायचे तिथे ठेवली की पाय आपोआप जागेवर येतात.

२४ जून

लाटा लहान, मांडीइतक्या. सहा मिळाल्या. डावा पाय पुढे ठेवून भार थोडा मागे घेतला की वळण तीव्र होते, हे दोनदा जमले, चारदा नाही. दहाला वारा फिरल्यावर बाहेर आलो. बोर्ड गोड्या पाण्याने धुतला आणि सावलीत वाळवून बांधला. यावेळी शेपटीला पुठ्ठ्याचे तीन थर.

२९ जून, बडोदे

जिन्याखालच्या जागेत बोर्ड दोन दिवस ठेवून आज तपासला. दुरुस्तीच्या जागी साबणाचे पाणी फासून वरून दाबून पाहिले, बुडबुडा नाही. वरच्या बाजूला टाचांचे दोन उथळ खळगे पडले आहेत, काच तडकलेली नाही. लीशची वाटी हलत नाही. चेपलेला कोपरा पुन्हा घासून त्यावर कापड बसवायचे आहे, आणि ते काम संध्याकाळी सातनंतर करायचे आहे.

वजन ४ किलो ७०० ग्रॅम.